सुरांचे जुळारी



पाबळचे नाव काढले की परगावचा मनुष्य पहिल्याने मस्तानीविषयी विचारतो, आणि ते साहजिकच आहे. थोरल्या बाजीरावाने पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिला इनाम दिली. १७४० साली बाजीरावापाठोपाठ तीही गेली, आणि तिची कबर आमच्या गावात आहे. ती गात असे, नृत्य करीत असे, असे सर्व जण सांगतात. पण ती काय गात असे, कोणत्या चालीत गात असे, पहिला सूर कोठून उचलीत असे, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. गावे कोणाला दिली याची नोंद ठेवणारे कारकून दरबारात होते. सुरांची नोंद ठेवणारा कारकून नव्हता.

आजचे आमचे बोलणे त्या न नेमलेल्या कारकुनाविषयी आहे. स्वर कागदावर उतरवणारा हात, शिशाचे खिळे जुळवणारा हात आणि आता कळफलकावर फिरणारा हात, असा हा हातांचा इतिहास आहे. आम्ही गवई नव्हे. भजनी मंडळात पेटीवर साथ करण्यापुरते स्वरज्ञान, आणि बाकीचा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते रविवारी, मागून आणलेल्या पुस्तकांतून. (हा रविवारसुद्धा फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. रविवारच्या भजनाला बसताना आम्हांस त्यांची आठवण होते.) तेव्हा गायनशास्त्राची चर्चा आमच्याकडून कोणी अपेक्षू नये.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका गाण्यामुळे. आमचे एक सहकारी होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. एका ओतशाळेत फिटर. संप लांबला तेव्हा त्यांनी द्वारसभेसाठी एक गाणे रचले, आणि पुढे कित्येक वर्षे सभेची सुरुवात त्याच गाण्याने होत राहिली. आम्ही पत्रके छापली, त्यांवर गाण्याचे शब्द छापले. चाल कोणी छापली नाही, कारण चाल सर्वांना येतच होती! तात्यांच्या छातीत ओतशाळेची धूळ बसली होती, ते गेले. नंतर पाच-सहा वर्षांनी एका सभेत आम्ही ते गाणे उचलले, तर नव्या पोरांच्या हातांत कागद होते आणि तोंडे मिटलेली होती. जुन्यांपैकी तिघे गायले आणि तिघांनी तीन तऱ्हांनी अंतरा म्हटला.

हे आमच्याच नशिबी आले असे नाही. मराठीत सुरांची नोंद ठेवण्याची जी आपली जुनी रीत होती, तिच्यातच हा धोका होता. संगीत नाटकांची पुस्तके आपण पाहिली असतील. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्या काळापासून नाटकातल्या पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द घालून पुढे दुसऱ्या एखाद्या पदाचे पहिले शब्द देत. वाचणाऱ्याला ते दुसरे पद येत असेल तर कुलूप उघडले. ते पद विस्मरणात गेले की किल्ली हरवली, आणि पुस्तक हातात असून पद मुके झाले. शाहिरांच्या वाङ्मयाचे तर विचारूच नका. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची गाणी पुस्तकांतून छापून आली, पण सूर गळ्यांवर सोपवलेले राहिले. अण्णा भाऊ आणि अमर शेख हे दोघेही १९६९ च्या जुलै-ऑगस्टात, सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले त्यांचीही पिढी आता सरली.

सूर लिहावेत हा विचार आपल्याकडे याच्या आधीच रुजला होता. पुण्यात गायन समाज निघाला तो १८७४ साली, वसंत व्याख्यानमाला सुरू झाली त्याच्या एक वर्ष आधी. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी करून पुस्तके छापली. पण महाराष्ट्राच्या घरोघर पोहोचल्या त्या दोन लिप्या, आणि त्या करणारे दोघेही विष्णू: एक विष्णू नारायण भातखंडे, दुसरे विष्णू दिगंबर पलुसकर.

पलुसकर कुरुंदवाडचे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले, पुढे १९०८ साली मुंबईस आले, आणि शिष्यांसाठी पुस्तकांवर पुस्तके काढली. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराच्या खाली तो किती वेळ टिकवायचा याची खूण असते: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला पूज्य, पाव मात्रेला कोर. म्हणजे स्वर कोणता आणि किती, हे दोन्ही प्रत्येक अक्षरापाशीच कळते. हिशेबाला चोख. पण हे पान जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या बाजूने पाहा. एका ओळीच्या खाली दुसरी बारीक ओळ, तिच्यातली प्रत्येक खूण वरच्या अक्षराच्या बरोबर खाली आली पाहिजे. एक खिळा सरकला की मात्रा दुसऱ्याच्या गळ्यात!

भातखंडे वाळकेश्वरचे, शिक्षणाने वकील. १९१० पासून त्यांचे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत निघू लागले, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून मिळवलेल्या चिजा स्वरांसह छापल्या. त्यांच्या लिपीत काळाचे काम बहुतेक जागेनेच भागते. एका मात्रेला एक अक्षर. लांबवायचे तर पुढे आडवी रेघ. एका मात्रेत दोन-तीन स्वर बसवायचे तर त्यांच्याखाली एक कोर. स्वर कोमल असेल तर अक्षराखाली रेघ, मध्यम तीव्र असेल तर डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब.

आता मौज पाहा. वरचे टिंब म्हणजे छापखान्यात सापडणारा अनुस्वार. खालचे टिंब म्हणजे उर्दू शब्द हिंदीत छापताना अक्षराला देतात तो नुक्ता. अक्षराखालची आडवी रेघ आणि डोक्यावरची उभी रेघ या वेदमंत्र छापणाऱ्यांच्या ओळखीच्या. अनुदात्त-स्वरितांसाठी त्या लागतच असत. ती एक कोर सोडली तर भातखंड्यांच्या पानात असे फार थोडे होते, की जे जुळाऱ्याच्या खणात आधीपासून नव्हते. हे त्यांनी हेतुपुरस्सर केले की नाही ते आम्ही सांगत नाही. परंतु त्यांची लिपी शाळाशाळांतून टिकली आणि पलुसकरांच्या लिपीचा वापर त्यामानाने आटला, यामागे जी अनेक कारणे विद्वान देतात, त्यांत जुळाऱ्याच्या हाताची सोय हेही एक कारण असावे, असा आमचा तर्क आहे. विद्वानांचे लक्ष सहसा खिळ्यांकडे जात नाही.

देवनागरीचा जुळारी म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगितले पाहिजे. समोर उतरत्या केसी मांडलेल्या, त्यांत अक्षरे, जोडाक्षरे, काने, वेलांट्या असे शेकडो प्रकारचे खिळे. डाव्या हातात स्टिक, उजवा हात न बघता नेमक्या खणात जाणारा, आणि अक्षरे उलटी वाचण्याची डोळ्यांची सवय. आम्ही तरुणपणी पत्रके छापून घेण्यासाठी अशा छापखान्यांत रात्री काढल्या आहेत. मजकूर एकदा वाचून दाखवला की जुळारी आमच्याशी गप्पा मारीत, पान खात, हात चालवीत राही. कोणता खण कोठे आहे हे त्याला विचारले तर सांगता येत नसे. हाताला विचारावे लागे. हे ज्ञान त्याची मिळकत होती. ऑफसेट आणि संगणक आला तेव्हा केसी भंगारात गेल्या आणि ते ज्ञान एका वर्षात कवडीमोल झाले. शिशाची भरपाई भंगारवाल्याने दिली. हातांची भरपाई आमच्या ऐकिवात नाही.

युरोपातही सुरांच्या छपाईचा खटाटोप याच प्रश्नाभोवती फिरला. तिकडे पाच आडव्या रेषा आणि त्यांवर बसणारी बिंदी, हे दोन्ही खिळ्यांनी छापायचे कसे? व्हेनिसच्या पेत्रुच्चीने १५०१ साली पहिले पुस्तक काढले ते एकच पान तीनदा छापयंत्राखाली घालून: एकदा रेषा, एकदा शब्द, एकदा स्वर. पॅरिसच्या आतॅन्यांने १५२८ च्या सुमारास रेषांचा तुकडा आणि स्वर एकाच खिळ्यात ओतला. छपाई स्वस्त झाली, पण रेषा तुटक दिसू लागल्या. विसाव्या शतकात अमेरिकेत कीटन नावाच्या गृहस्थाने स्वर उमटवणारे टंकयंत्रही केले आणि १९३६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तरीही दर्जेदार काम धातूच्या पत्र्यावर ठसे मारून किंवा हाताने शाईनेच होत राहिले.

हाताने शाईने म्हटले की आमच्यापुरता हा इतिहास मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत येतो, आणि तेथे जरा थांबलेच पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाच रेषांची लिपी शिकवीत. ती पोरे मोठी होऊन पोटासाठी मुंबईस आली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरली. संगीत दिग्दर्शक पेटीवर किंवा गळ्याने चाल सांगे. ती सरगमीत उतरून घेत. मग गोव्याचा अरेंजर रात्री बसून व्हायोलिनचे वेगळे, ट्रंपेटचे वेगळे, चेलोचे वेगळे असे कागद लिहून काढी. सकाळी पन्नास वादक तो कागद पाहताच वाजवू लागत. सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जी बहार उडवली तिच्यात चिक चॉकलेटचा हात होता. परंतु पडद्यावर नाव बहुधा संगीतकाराचे एकट्याचे. गोन्साल्विसांचे नाव कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते, त्यांनी गुरूची आठवण अशी ठेवली. ज्यांच्या शिष्यांत प्यारेलाल नव्हते त्यांच्या शाईचे काय झाले, ते विचारू नये.

पुढे १९८३ मध्ये मिडी नावाचा करार झाला, म्हणजे वाद्य आणि संगणक यांची आपसांत बोलण्याची भाषा ठरली. त्यानंतर हळूहळू पन्नास वादकांच्या जागी एक कळफलक आणि एक माणूस बसू लागला. गिरणीत मागांचे जे झाले तेच येथे झाले, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

स्वर लिहिण्याचे कामही याच सुमारास कळफलकावर आले. स्टॅनफर्डचे लेलँड स्मिथ हे १९७० च्या आसपासपासून संगणकाला स्वरांची अक्षरे आणि आकडे पुरवून छापील पाने काढवीत होते. १९८८ साली अमेरिकेत ‘फिनाले’ निघाले. १९९३ मध्ये इंग्लंडात फिन या जुळ्या भावांनी ‘सिबेलियस’ विकायला काढले. आणि २००२ साली जर्मनीच्या वेर्नर श्वेअरने ‘म्यूझस्कोअर’ला हात घातला, जे कोणालाही मोफत घेता येते, उघडून बघता येते, बदलता येते. पाबळकरांस यात नवल वाटू नये. १९८३ साली कलबागसाहेबांनी विज्ञान आश्रम याच गावात काढला. हाताने करून शिका, आणि यंत्र उघडून बघा, हे आमच्या पोरांना तेव्हापासून ठाऊक आहे. २००२ साली येथे फॅब लॅबही उभी राहिली.

या सर्व कार्यक्रमांत उंदराने, म्हणजे माउसने, एकेक स्वर उचलून रेषेवर ठेवता येतो. नवशिके तसेच करतात आणि एका ओळीला अर्धा तास लावतात. ज्याला रोज काम करायचे त्याला कळाच शिकाव्या लागतात. युक्ती अशी आहे: आधी आकडा दाबून काळ ठरवायचा, मग अक्षर दाबून स्वर. म्यूझस्कोअरमध्ये पाच दाबले की एक ठोक्याचा स्वर, चार दाबले की अर्ध्याचा, सहा दाबले की दोन ठोक्यांचा. प्रत्येक पुढचा आकडा म्हणजे आधीच्याची दुप्पट. शून्य म्हणजे विश्रांती, टिंब म्हणजे दीडपट. डावा हात अक्षरांवर, उजवा आकड्यांवर. आठवड्याभरात बोटांना वाट सापडते. पलुसकरांनी स्वराखाली जी मात्रेची खूण दिली होती तीच ही. फक्त पानावरून ती बोटात आली.

आणि येथेच जुनी गोष्ट पुन्हा घडली. पलुसकरांच्या लिपीत स्वराच्या वर टिंब म्हणजे मंद्र, भातखंड्यांच्या लिपीत वर टिंब म्हणजे तार! एकीकडून दुसरीकडे गेलेला विद्यार्थी गोंधळलाच पाहिजे. कळफलकावरही तेच. एका ठोक्याच्या स्वराला फिनालेत आणि म्यूझस्कोअरमध्ये पाच, सिबेलियसमध्ये चार, आणि मागून आलेल्या ‘डोरिको’मध्ये सहा. चार घरचे चार कळफलक नव्हेत, कळफलक एकच; पण ज्याने त्याने आपली वहिवाट वेगळी ठेवली. ज्याच्या बोटांत चार मुरले त्याला सहाच्या घरी जाऊन पुन्हा उमेदवारी करावी लागते. मालकाला हे सोयीचेच असते.

डोरिकोची जन्मकथा आम्हांस विशेष प्रिय आहे. सिबेलियस २००६ साली ॲव्हिड कंपनीने विकत घेतले, आणि २०१२ मध्ये त्या कंपनीने लंडनची कचेरी बंद करून कार्यक्रम रचणाऱ्यांना घरी पाठवले. त्यांतले बरेचसे एकत्र राहिले. स्टाइनबर्ग कंपनीने त्यांना जवळजवळ टोळीने कामावर घेतले, आणि २०१६ साली त्यांनी डोरिको बाजारात आणले. उलट फिनालेचे पाहा. २०२४ च्या ऑगस्टात त्याच्या मालकांनी जाहीर केले की पस्तीस वर्षे चालवलेले हे काम आता बंद. तीस-तीस वर्षे ज्यांनी त्याच कळांवर बोटे घासली, त्या लेखनिकांच्या केसी भंगारात निघाल्या.

म्हणून आम्ही मोफतवाल्याकडे गेलो. पैसे नव्हते हेही खरे. पहिली अडचण अक्षरांची आली. यंत्राला इंग्रजी ए ते जी ही सात अक्षरे कळतात. सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, ग म्हणजे ई, असे प्रत्येक वेळी मनात भाषांतर करावे लागे. आमची बोटे पेटीवर सरगमीत विचार करतात. ती अडखळू लागली. चार संध्याकाळी अशा गेल्यावर शेजारच्या मुलाने दाखवले की या यंत्रात कोणती कळ काय करील हे आपल्याला बदलता येते. मग आम्ही बसून फेरवाटणी केली. सा ला एस, रे ला आर, ग ला जी, म ला एम, प ला पी, ध ला डी, नी ला एन. सातही आद्याक्षरे वेगळी आहेत, कोणाचे कोणाशी भांडण नाही! त्या कळांवर आधी जी कामे होती ती हलवावी लागली. एनने स्वरलेखन सुरू होत असे, त्याला दुसरी जागा दिली. कोमल ग हवा असेल तर ग लिहून खालचा बाण एकदा दाबायचा, तीव्र मध्यमाला वरचा. त्या रात्री आम्ही प्रथमच न थांबता एक आख्खे ध्रुपद लिहिले, आणि छापखान्यातल्या त्या पान खाणाऱ्या जुळाऱ्याची आठवण झाली.

याचे दुष्परिणामही सांगितले पाहिजेत. एक शिक्षक मित्र आमच्याकडे आले, ते अस्सल जुन्या वळणाचे. त्यांनी पंचम समजून जी दाबला आणि गंधार उमटला. ते म्हणाले, तुमचे यंत्र बिघडले आहे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? मोबाइलवर गाणे भरून ठेवा. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी हेच विचारले, आणि त्यात तथ्य आहे. मींड, कंप, आवाजातली धार हे कोणत्याही लिपीत पुरते उतरत नाही. पण तात्यांचे ध्वनिमुद्रण नव्हतेच. आणि दुसरे असे की १ मेच्या मिरवणुकीत ते गाणे बँडवर वाजवायचे होते. बँडमधले क्लॅरिनेटवाले फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. त्यांना पाच रेषा वाचता येतात, सरगम येत नाही. आमच्या पेटीवाल्यांना सरगम येते, रेषा येत नाहीत. क्लॅरिनेटचे आणखी एक त्रांगडे असे की त्याचा कागद एक सूर वर लिहावा लागतो. हाताने हे करायला गोव्याचाच अरेंजर हवा. यंत्र ते एका हुकमात करते.

सरगमीचा कागद मात्र निराळा लिहावा लागला, आणि तेथे भातखंडे पुन्हा भेटले. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात आला. पुण्याच्या सी-डॅकने तो गावोगाव नेला. त्यात अनुस्वाराला कळ आहे, नुक्त्याला कळ आहे. तार षड्ज हवा तर सा वर अनुस्वार, मंद्र धैवत हवा तर ध ला नुक्ता. कोमलाची आडवी रेघ आणि तीव्राची उभी रेघ युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात वेदस्वरांच्या नावाने बसलेल्या आहेत. तेथून उचलून वापरता येतात. शिशाच्या खणांतून जे भागत होते ते शंभर वर्षांनी संगणकाच्या खणांतूनही भागले. कोर तेवढी आजही छळते.

राहिली तात्यांच्या गाण्याची हकिकत. तीन जुन्या कार्यकर्त्यांना पुढ्यात बसवून आम्ही तीन पाठ लिहिले आणि जुळवून एक केला. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत सा वरून प वर झेप आहे. हे यंत्र एक आगाऊपणा करते: नवा स्वर वरचा की खालचा हे ते स्वतःच ठरवते, आणि आधीच्या स्वराला जो जवळ पडेल तो घेते. सा वरून वरचा प पाच पायऱ्यांवर, खालचा प चार पायऱ्यांवर. म्हणून ते मुकाट्याने मंद्र पंचमावर उतरते. कोणत्याही पेटीवाल्याला हे हास्यास्पद वाटेल. आम्ही कंट्रोल आणि वरचा बाण दाबून तो पंचम जागेवर आणला, कारण तिघेही तो वरच म्हणत होते आणि द्वारसभेत हजार माणसे तो वरच म्हणत.

एप्रिलच्या शेवटी पाबळला तालीम ठेवली. तात्यांच्या घरून वहिनी आल्या, मागे बसल्या. क्लॅरिनेटने ती ओळ घेतली तशा त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, “हे एवढं वर नव्हतं हो. लोक नेत होते वर. ते घरी म्हणायचे तेव्हा खालीच म्हणायचे. त्यांना दम कुठं होता?”

क्लॅरिनेटवाल्यांनी वाद्य मांडीवर ठेवले आणि आमच्याकडे पाहिले. संगणक उघडाच होता. आम्ही त्या स्वरापाशी गेलो आणि कंट्रोलसह खालचा बाण दाबला.